बावीस घरांच्या गावात गोवर येणार कुठून?

प्रश्न : नात दहा महिन्यांची आहे. नवव्या महिन्यात सर्दी-ताप होता म्हणून गोवराची लस राहिली. पुढच्या आठवड्यात एटापल्लीच्या आतल्या भागात, सुनेच्या माहेरी लग्न आहे. गाव बावीस घरांचं, कित्येक वर्षांत तिथे कुणाला गोवर निघालेला नाही. लस परतल्यावर दिली तर चालेल ना?
– एक आजी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही आजी, उद्याच द्या. बारीकसा ताप असला तरी ही लस देता येते.

'कित्येक वर्षांत गोवर नाही' हे तुम्ही दिलाशानं लिहिलंत, मला तेच वाचून काळजी वाटली. लहान गावात गोवर येतो, सापडेल त्याला गाठतो आणि नवं कुणी उरलं नाही की थांबतो. पुढे वर्षानुवर्षं बिनलसीची पोरं वाढत जातात. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर 1781 नंतर 65 वर्षं गोवर नव्हता. 1846 मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो आला आणि सुमारे 7,800 वस्तीतले 6,000 जण आजारी पडले, तरणेताठेसुद्धा. 1781 चा गोवर अंगावर काढलेले म्हातारे तेवढे सुटले. पानुम या तरुण डॉक्टरनं गावोगाव लागण कधी झाली, पुरळ कधी उठलं, त्या तारखा विचारल्या. एका वाडीतले दहा जण 4 जूनला देवमाशांच्या शिकारीत होते. तिथे लागण झाली आणि चौदा दिवसांनी, 18 जूनला, दहाही जणांच्या अंगावर पुरळ.

आता तुमचं लग्न बघा. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली माणसं परततील, नागपूर-चंद्रपूरचे पाहुणे येतील. पुरळाच्या चार दिवस आधीपासून लागण होते, आणि तेव्हा ती नुसती सर्दी वाटते. आजारी माणूस उठून गेला तरी खोलीतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो.

इंटर्नशिपमध्ये मी भामरागडकडे होते. बारशाच्या घरी एक पोर आईच्या मांडीवर खोकत होतं. डोळे लाल, पाणावलेले. टॉर्च मारला तर गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, गोवराची खूण. भोवती अकरा पोरं बसलेली. पुढच्या पंधरा दिवसांत त्यातली नऊ माझ्याकडे आणली. दहावी मुलगी पोचलीच नाही.

लसीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून या खेपेला नातीला नेऊ नका. सुनेची समजूत घाला, तिला वाईट वाटेल. 16 ते 24 महिन्यांतला दुसरा डोसही चुकवू नका. आणि सुनेला आजच माहेरच्या आशाताईंना फोन लावायला सांगा : मांडव पडण्याआधी गावातल्या सगळ्या पोरांची लसीची कार्डं बघून घ्या म्हणावं.