इंदूरमध्ये राहून सेंद्रिय कॉफीचा छोटा मळा आणि रोस्टरी, दोन्ही चालवता येईल का?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. महूजवळच्या वडिलोपार्जित शेतात कॉफी लावता येईल का, हा एक. ते जमत नसेल तर कर्नाटकात चिकमगळूरकडे तीनेक एकर घेऊन, सेंद्रिय कॉफी पिकवून, ती इंदूरला भाजून विकली तर नोकरी सोडण्याइतकं सुटेल का, हा दुसरा. मी इंदूरमध्येच छोटी रोस्टरी, म्हणजे कॉफी भाजण्याचं दुकान, चालवतो आणि दाणे चिकमगळूर जिल्ह्यातल्या एका सेंद्रिय बागेतून घेतो, तेव्हा दोन्ही टोकांचं थोडंफार ठाऊक आहे.

महूचं आधी निकालात काढू. झाड जगेल, कुंडीतही जगतं, पण धंद्यापुरतं पीक येणार नाही. अरेबिका या कॉफीच्या जातीला साधारण १००० ते १५०० मीटर उंची, दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस आणि १५ ते २५ अंशांची हवा मानवते. इंदूर ५५० मीटरवर, पाऊस हजाराच्या आत-बाहेर आणि तोही चार महिन्यांत उरकणारा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, जानेवारीच्या लाटेत पाच-सहावर. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि कॉफीच्या मुळांना निचरा लागतो. चिकमगळूरकडे मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत बाग पांढरी फुलते आणि वर्षाचं पीक त्या सरीवर ठरतं. माळव्यात तेव्हा लू, म्हणजे उन्हाळी झळांचा वारा, सुटलेली असते. जवळपास कॉफी बघायचीच असेल तर बैतूल जिल्ह्यात कुकरूला इंग्रजांच्या काळातली बाग आहे, वऱ्हाडात चिखलदरा आहे. दोन्ही सातपुड्याच्या माथ्यावर, हजार मीटरच्या वर. सहकुटुंब फिरून या.

आता तीन एकरांचा हिशेब. आपल्या देशात अरेबिकाचं सरासरी उत्पादन हेक्टरी चार-साडेचारशे किलोच्या आसपास असतं. तुमचे तीन एकर म्हणजे सव्वा हेक्टरला थोडे कमी; बरं साधलं तर ५०० किलो हिरवे, म्हणजे न भाजलेले, दाणे. किलोभर हिरव्या दाण्यांसाठी पाच-सहा किलो पिकली फळं लागतात. म्हणजे तीनेक टन फळं हातानं तोडायची, आणि तीही एका दमात नव्हे, पिकतील तशी तीन-चार फेऱ्यांत. भाजताना पाणी आणि फोलपट जाऊन वजन पंधरा-सोळा टक्क्यांनी घटतं. उरले ४२० किलो. पाव किलोच्या पुड्या १६८०. पुडी ५०० रुपयांना गेली आणि एकही पडून राहिली नाही असं धरलं तरी वर्षाला ८ लाख ४० हजार, तेही ढोबळ. यातून तोडणीची मजुरी, पल्पिंग (फळाचा गर काढणं), वाळवण, क्युरिंग (वाळल्या दाण्याचं टरफल काढून निवड करणं), वाहतूक, गॅस, पाकिटं आणि दुकानदाराचा हिस्सा वजा करून बघा. नवी लागवड असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत फळच नाही. तिथले लहान शेतकरी तरतात ते बरंचसं सावलीच्या झाडांवर चढवलेल्या मिरीच्या वेलांमुळे. कॉफीनं दगा दिला की मिरी हात देते.

शिवाय सेंद्रिय बाग फोनवरून राखता येत नाही. अरेबिकाचा मोठा वैरी म्हणजे पांढरा खोडकिडा. भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो, अळी आत शिरून खोड पोखरते. बाहेरून दिसतात ते खोडावर उठलेले फुगीर वळ, आणि मग पिवळी पडत जाणारी पानं. मी ज्या घरातून दाणे घेतो तिथले आजोबा झाडाजवळ गेले की पानांकडे बघतच नाहीत, वाकून खोडावरून अंगठा फिरवतात. वळ हाताला लागला की चुना लावलेल्या बोटानं खूण करतात. ते झाड उपटून जाळायचं. औषध मारणं वर्ज्य, म्हणून सावली दाट राखायची, काथ्याच्या हातमोज्यानं खोडाची सुटी साल घासून काढायची, खोडाला चुना द्यायचा, कामगंध सापळे (वासानं भुंगेरे ओढून धरणारे) लावायचे. भुंगेरे एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाहेर पडतात, त्याआधी हे सगळं उरकलेलं हवं. एकरी हजार-बाराशे झाडं असतात आणि एकेका झाडापाशी वाकावं लागतं. मजूर मिळणं हा तिकडचा रोजचा रडगाणं गाण्याचा विषय आहे. पगारदार माणसाचं शनिवार-रविवारचं हे काम नव्हे.

कागदांचंही बघा. २००१ पासून चालू असलेल्या एनपीओपी या सेंद्रिय शेतीच्या सरकारी प्रमाणीकरणात बारमाही पिकाला रूपांतराची, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याची, ३ वर्षं काढावी लागतात. तोवर रासायनिक खत-औषधं बंद, उत्पन्न घटलेलं आणि भाव मात्र साध्या कॉफीचा. शेजारच्या बागेतून फवारा उडून येतो म्हणून मधे पट्टा सोडावा लागतो. आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बाग प्रमाणित असली म्हणून इंदूरला भाजलेल्या पुडीवर सेंद्रियचा शिक्का आपोआप येत नाही, भाजणाऱ्यालाही त्या साखळीत यावं लागतं. ‘सावलीत वाढलेली’ आणि ‘सेंद्रिय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतातली बहुतेक कॉफी सावलीतच वाढते. कोणी स्वस्तात आंध्रातल्या अराकूला किंवा ओडिशातल्या कोरापुटला जमीन देतो म्हणाला तर वकिलाकडे जा. ते अनुसूचित क्षेत्र आहे, तिथली आदिवासींची जमीन बाहेरच्याला घेता येत नाही. तिथल्या सहकारी संस्थांकडून दाणे मात्र खुशाल घ्या, चांगले असतात.

तेव्हा माझं मत विचाराल तर बाग तिथल्या शेतकऱ्याची, भाजणी तुमची. भावाचं ओझं तरीही राहतंच. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकानं १९७७ चा उच्चांक मोडला आणि चिकमगळूरच्या शेतकऱ्यानं त्याच आठवड्यात भाव वाढवून मागितला. रास्तच होतं. पण इंदूरच्या गिऱ्हाइकाला न्यूयॉर्क सांगून पुडी महाग विकता येत नाही. म्हणून मी हंगामाआधी भाव ठरवून थोडी रक्कम आगाऊ देतो.

भाजायला किलोभराचं ड्रम रोस्टर सुरुवातीला पुरे. हिरवा दाणा आधी पिवळा पडतो, वाळल्या गवताचा वास येतो, मग भाजक्या पावाचा, आणि दहाएक मिनिटांत पहिली तडतड सुरू होते. तिथून पुढचं मिनिट-दोन मिनिटं सगळा खेळ. धूर आणि फोलपट भरपूर निघतं, म्हणून फ्लॅटच्या गॅलरीत हा उद्योग नको; मी शेड भाड्यानं घेतली ती यासाठीच. हिरवे दाणे पावसाळ्यात दमट होतात, आत हवाबंद अस्तर असलेली पोती वापरा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी पहिल्या पुडीआधी हवी.

गिऱ्हाईक? इंदूर पोहे-जिलबीबरोबर चहा पिणारं गाव. पलासिया, विजयनगरचे कॅफे माल घेतात, पण उधारीवर. नियमित रोख देणारी माझी गिऱ्हाइकं निघाली ती आपल्याच मराठी घरांतली: जायफळ किसून दुधात उकळलेली कॉफी पिणारी. त्यांना फळांची आंबटसर चव नको असते. थोडी गडद भाजणी आणि भरड दळण द्या. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) हवी म्हणाले तर मिसळून द्या, फक्त पुडीवर प्रमाण छापा. कायद्यानं ती ४९ टक्क्यांपर्यंतच चालते. माझ्या मते २० च्या पुढे गेलात तर सेंद्रिय दाण्यांचे पैसे पाण्यात.

नोकरी आत्ता सोडू नका. बेंगळुरूला कॉफी बोर्ड ‘कापी शास्त्र’ नावाचं भाजणी-चाखणीचं शिक्षण देतं, ते आधी करा. मग डिसेंबरात, तोडणी चालू असताना, दोन-तीन बागा स्वतः बघा आणि प्रत्येकीकडून पाच-पाच किलो नमुना आणा. त्याच खेपेत थोडी मिरीही घ्या, इंदूरच्या सियागंज बाजारातल्या भावाशी ताडून बघा. सुरुवातीला कॉफीआधी तीच खपेल.