वाचकांचे प्रश्न : बोटीवरील सबवूफरची निवड आणि जोडणी

प्रश्न : आमच्या सहा मीटर लांबीच्या उघड्या फायबरच्या बोटीवर साडेसहा इंची चार स्पीकर आहेत, परंतु खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून दहा इंची दोन सबवूफर घेण्याचा विचार आहे. पसंत पडलेल्या सबवूफरमध्ये प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल (आवाजाचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) आहेत. आमचा मोनो ॲम्प्लिफायर २ ओहमवर ५०० वॅट देतो आणि त्याखाली चालवू नये असे त्याच्या पुस्तिकेत लिहिले आहे. चारही कॉइल समांतर जोडल्यास सर्वाधिक ताकद मिळेल, असे आम्हांला सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि आपण खरेदीपूर्वी विचारलेत हे फार बरे झाले. ४ ओहमच्या चार कॉइल समांतर जोडल्या की एकूण भार १ ओहम होतो. २ ओहमची मर्यादा असलेला ॲम्प्लिफायर अशा भारावर तापून वारंवार बंद पडतो किंवा कायमचा निकामी होतो. याच सबवूफरमधील दोन-दोन कॉइल एकसर जोडून मग दोन्ही सबवूफर समांतर जोडले, तर भार ४ ओहम होतो. ही जोडणी सुरक्षित आहे, मात्र ॲम्प्लिफायरची पूर्ण ताकद मिळत नाही. त्याच सबवूफरचा २ ओहम कॉइलचा प्रकार घेतल्यास प्रत्येकाच्या कॉइल एकसर जोडून ४ ओहम आणि दोन्ही सबवूफर समांतर जोडून नेमके २ ओहम मिळतात. ४ ओहमची एकेकच कॉइल असलेले दोन सबवूफर समांतर जोडले तरी हाच आकडा येतो, आणि जोडण्या कमी असल्यामुळे ओलाव्याच्या जागी मी हाच पर्याय आधी सुचवीन. तथापि ताकद निम्मी झाली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने उतरतो, त्यामुळे आधीच घेतलेले सबवूफर टाकून देण्याचे कारण कोणालाही नाही.

ओहमइतकेच महत्त्व जागेला आहे. कारच्या बंद पोकळीत खर्ज आपोआप वाढतो; उघड्या बोटीत ती मदत मिळत नाही, म्हणून तिथे दोन सबवूफर मागणे ही चैन नव्हे. सबवूफर आसनाखालच्या कप्प्याच्या भिंतीत पेटीविना बसवायचा असेल, तर तो ‘फ्री-एअर’ वापरासाठीच बनवलेला असावा, कारण पेटीसाठी बनवलेल्या सबवूफरचा कोन (पुढे-मागे हलून आवाज करणारा पडदा) मागच्या हवेच्या आधाराविना मर्यादेबाहेर हलून फाटू शकतो. कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळता कामा नये; कप्प्याचे झाकण सैल असले किंवा मोठी फट राहिली, तर दोन्ही बाजूंच्या लहरी परस्परांना खोडून काढतात आणि महागडा सबवूफरही पोकळ वाजतो. पातळ फायबर थरथरत असल्यास मागून मरीन प्लायवूडचे कडे लावावे. इंधनाची टाकी किंवा पेट्रोल इंजिन असलेला कप्पा मात्र पूर्णपणे टाळावा. भोक पाडण्यापूर्वी सबवूफर त्या जागी धरून होकायंत्राची सुई ढळते का, हेही अवश्य पाहावे, कारण त्याचे चुंबक बरेच मोठे असते.

वायरच्या बाबतीत काटकसर करू नये. ५०० वॅटच्या क्लास-डी प्रकारच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण आवाजात तो १२.५ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर ओढतो. बॅटरी ५ मीटर दूर असल्यास जाऊन-येऊन १० मीटर तांबे लागते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.५५ व्होल्ट गळतात, २५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.३५ व्होल्ट. मी २५ चीच घेईन. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर खाऱ्या हवेत लवकर गंजते. अमेरिकन बोट अँड याट कौन्सिलच्या ई-११ मानकाचा मूळ नियम असा आहे की फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत असावा. फ्यूजच्या अलीकडचा तुकडा शॉर्ट झाला, तर त्याला आवरणारे काहीच नसते. म्हणूनच तो ॲम्प्लिफायरजवळ लावून चालत नाही.

शेवटी सबवूफरसाठी लो-पास (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा) आणि चार स्पीकरांसाठी हाय-पास (फक्त वरचे स्वर जाऊ देणारा) फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. दोन्ही सबवूफर लावूनही खर्ज क्षीण वाटला, तर एकाची प्लस-मायनस उलटी झाली आहे का ते पाहावे. ॲम्प्लिफायरपासून वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवल्यास दोन्ही कोन एकाच दिशेने सरकले पाहिजेत.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या बोटीत, कारप्रमाणे, ॲम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर बोटीच्या धातूलाच जोडली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. तसे केल्यास प्रवाह बोटीच्या सांगाड्यातून वाहतो आणि पाण्याशी संपर्क असलेले ॲल्युमिनियम त्या भटक्या प्रवाहामुळे वेगाने कुरतडले जाते. निगेटिव्ह वायर पॉझिटिव्ह वायरइतकीच जाड घेऊन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत किंवा तिथून आलेल्या बसबारपर्यंत (अनेक वायर जोडण्याच्या धातूच्या पट्टीपर्यंत) न्यावी, आणि ॲम्प्लिफायर धातूवर न बसवता प्लास्टिकच्या फळीवर बसवावा.