पुलाखालची ही बारकी भिंगरी कोणती?

प्रश्न : सर नमस्कार, मी देवळी तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे वर्धा नदीच्या पुलाखाली मातीची लय घरटी आहेत, एकाला एक चिकटून, मोहोळच वाटते पाहाले. पक्षी चिमणीहून बारका, दिवसभर पाण्यावर भिरभिर चालू असते, मोबाईलनं फोटो काढला का नुसता काळा ठिपका. गावात सगळे पाकोळीच म्हणतात. खरंच पाकोळी आहे का?
(एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर : फोटोचं जाऊ द्या, घरट्यांनीच सांगून टाकलं की! मातीच्या गोळ्यांची, पुढे आखूड नळीसारखं तोंड असलेली घरटी अशी एकाला एक चिकटवून वसाहत करणारी म्हणजे गळ्यावर रेघा असलेली भिंगरी, इंग्रजीत स्ट्रीक-थ्रोटेड स्वॅलो, जेमतेम ११-१२ सेंमी. तारवाली भिंगरीही पुलाखालीच राहते, पण तिचं घरटं सुटं, वरून उघडं. लालबुडी भिंगरीच्या घरट्याला नळी असते पण ते बहुधा एकेकटंच असतं. आणि पाकोळी गवत-पिसं थुंकीनं चिकटवते, तिची कंबर पांढरीशुभ्र, आणि ती भिंगरीसारखी तारेवर कधी बसणारच नाही, तिच्या पायांना ते जमतच नाही.

उडताना ओळखायच्या नादी लागू नका, मान दुखेल फक्त. घरटी बांधणं चालू असलं की हे पक्षी काठावरच्या ओल्या चिखलावर थव्यानं उतरतात, तेव्हा सकाळी ऊन पाठीवर घेऊन जरा लांब झुडपाआड गुपचूप बसायचं, दुर्बीण असली तर ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) भरपूर झाली. डोक्यावर मळकट विटकरी टोपी, पाठ निळसर काळी, शेपटी आखूड आणि तिची खाच अगदी नावाला, आणि मेन म्हणजे गळ्यावर-छातीवर बारीक काळसर रेघा. तारवालीची टोपी चांगली तांबडी पण गळा एकदम पांढरा, तिथेच फैसला होतो. पिल्लांची टोपी तपकिरी असते म्हणून एकट्या टोपीवर जाऊ नका, गळा पाहाच. हिवाळ्यात माळभिंगऱ्या येऊन तिथल्या तारांवर बसतात, त्यांचा गळा लालसर, खाली काळा पट्टा.

पोरांना काडीनं घरटी ढोसू देऊ नका, एक फुटलं की शेजारचीही सुटतात. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) नोंद टाकणार असाल तर घरटी मोजून आकडा टाकू नका हो, त्यातली बरीच जुनी रिकामी असतात, संध्याकाळी आत शिरणारे पक्षी मोजा.