‘अध्याहृत’ या शब्दाचा नेमका अर्थ आणि वापर

आपण विचारले आहे की, ‘दोन्ही भावांमध्ये तशी अध्याहृत समजूत होती’ असे वाक्य आपल्या वाचनात आले. तर ‘अध्याहृत’ म्हणजे काय, आणि ‘गृहीत’, ‘गर्भित’ हे ओळखीचे शब्द असताना तो मुद्दाम कशासाठी वापरायचा? मी यावल तालुक्यातील केळी-कापसाच्या गावात वाढलो आणि पुढे बरीच वर्षे शाळेत मराठी शिकवले. हा शब्द मला व्याकरणाच्या तासापेक्षा गावातल्या व्यवहारांमुळे अधिक नीट कळला, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

शब्द संस्कृतातून आलेला आहे. ‘हृ’ म्हणजे नेणे किंवा आणणे. त्याला ‘अधि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून ‘अध्याहार’ हे नाम आणि ‘अध्याहृत’ हे विशेषण तयार होते. वाक्यात न उच्चारलेले पद अर्थ पुरा व्हावा म्हणून ऐकणाऱ्याने मनाने आणून बसवणे, हा अध्याहार. आणि असे आणून बसवलेले पद ते अध्याहृत. ‘इकडे ये’ या वाक्यात ‘तू’ हा कर्ता अध्याहृत आहे, असे आपण शाळेत शिकतो ते याच अर्थाने. आमच्याकडे अहिराणीत कोणी वाटेत विचारतो, ‘कथा जाई राहिना भो?’ (कुठे चालला आहेस, भाऊ?) आणि उत्तर येते, ‘वावरमा’ (शेतात). या एका शब्दाच्या उत्तरात ‘मी’ आणि ‘जातो आहे’ ही दोन्ही पदे अध्याहृत आहेत, आणि त्यामुळे विचारणाऱ्याचे काही अडत नाही.

मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचा विचार करणाऱ्या प्राचीन पंडितांनी, या गोष्टीचा फार बारकाईने विचार केलेला आहे. कोणी नुसते ‘दार’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा ‘लाव’ हे क्रियापद कसे मिळवतो, हा त्यांचा प्रश्न होता. कुमारिल भट्टांच्या परंपरेचे म्हणणे असे की, गाळलेला शब्दच मनात आणावा लागतो. प्रभाकरांच्या परंपरेचे म्हणणे असे की, शब्दाची गरज नाही, अर्थ आणला तरी पुरतो. हा वाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझी आजी आठवली. वैशाखात दुपारी झळा सुरू झाल्या की ती ओसरीवरून ‘दार!’ म्हणत असे आणि आम्ही दार लावून घेत असू. संध्याकाळी कडी वाजली की तीच ‘दार!’ म्हणत असे आणि आम्ही उठून दार उघडत असू. शब्द तोच, पण अध्याहृत क्रियापद वेगळे, आणि ते कोणते हे आम्हां भावंडांपैकी एकालाही कधी विचारावे लागले नाही.

याच ठिकाणी हा शब्द व्याकरणातून व्यवहारात येतो. केळीच्या हंगामात पारावर कोणी म्हणाला, ‘नवती 1800, पिलबाग 1500’ (नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवरची), तर परगावच्या माणसाला यातून काहीच कळणार नाही. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मात्र केळीचा, आजचा, रुपयांत आणि क्विंटलला हा भाव आहे, हे चारही तपशील न सांगता मिळतात. असेच करारांचे. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 9 मध्ये शब्दांनी दिलेले वचन आणि शब्दांवाचून दिलेले वचन असा भेद केलेला आहे. धुळ्याच्या स्थानकावर एसटीत चढून बसणारा माणूस ‘मी भाडे देईन’ असे वाहकाला सांगत नाही. त्याच्या बसण्यातच ते वचन अध्याहृत असते.

आता ‘गृहीत’ या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातला खरा गुंता तेथे आहे. आमचे वावर वडिलांनी अनेक वर्षे एकाच कुटुंबाला बटाईने दिलेले होते. कापूस निम्मा-निम्मा, हे दरसाल बोलून ठरत असे. पण वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या कसणाऱ्याने सरपणाला न्यायच्या आणि बांधावरच्या चिंचेची चिंच आमच्या घरी यायची, हे माझ्या आठवणीत कोणीही कधी उच्चारले नाही. एखाद्याने दोन्ही बाजूंना वेगवेगळे बसवून विचारले असते, तरी दोघांनी तेच सांगितले असते. त्या व्यवहारात ही गोष्ट अध्याहृत होती. पुढे ते कुटुंब शहरात गेले आणि वावर दुसऱ्याला दिले. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, असे आम्ही धरून चाललो होतो. विहीर मालकाची म्हणून खर्चही मालकाचा, असे तो धरून चालला होता. दोन महिने बोलणे बंद राहिले, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण तो माणूस खोटे बोलत नव्हता आणि आम्हीही नव्हतो. आम्ही ज्याला अध्याहृत समजत होतो, ते केवळ आमच्यापुरते गृहीत होते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगत असे: न बोललेली गोष्ट शब्दांत मांडून पाहावी, आणि दोन्ही पक्ष तीच मांडतात का, हे पाहावे. दोघांचे शब्द जुळले, तर ती अध्याहृत. एकाच्याच मनात असली, तर गृहीत. ‘गर्भित’ याहून वेगळे आहे. तेथे वाक्य पुरे असते, मात्र त्याच्या पोटात आणखी एक अर्थ, बहुधा टोला किंवा इशारा, दडलेला असतो, म्हणूनच आपण ‘गर्भित धमकी’ म्हणतो, ‘अध्याहृत धमकी’ म्हणत नाही. ‘मूक संमती’त कोणीतरी आधी विचारलेले असते आणि उत्तरादाखल मौन मिळते.

‘अलिखित’ हा शब्दही पुष्कळदा चुकीने याच्या जागी येतो. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधाऱ्याचे पाणी वाटून घेण्याची फड पद्धत शेकडो वर्षांपासून चालत आलेली आहे. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने पाळीने सोडायचे, हे तिचे नियम पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले; ते अलिखित खरे, पण अध्याहृत म्हणता येणार नाहीत, कारण ते स्पष्ट बोलले जात आणि मोडणाऱ्याला सुनावलेही जात. पाटकरी मात्र ‘उद्या मधला फड’ एवढेच सांगून पुढे निघून गेला, तर ‘पाणी सोडणार आहे, तयार राहा’ हा उरलेला भाग अध्याहृत होय.

लिहिताना ‘अध्याहृत असणे’ आणि ‘अध्याहृत धरणे’ ही दोन्ही रूपे चालतात. ‘हृ’ नीट लिहावा. ‘अध्यारुत’ किंवा ‘अध्याह्रुत’ असे छापलेले मी पाहिले आहे, ते अशुद्ध आहे. आपण दिलेल्या वाक्यापुरते सांगायचे तर, त्या दोन्ही भावांना विचारल्यावर दोघांनी एकच समजूत सांगितली असती, अशी लेखकाची खात्री असेल, तर वाक्य बरोबर आहे. एका भावाचेच म्हणणे ऐकून त्याने ते लिहिले असेल, तर तेथे ‘थोरल्याने तसे गृहीत धरले होते’ असे लिहायला हवे होते.