काका रिक्षात का बसले होते?

"मॅडम, म्हाताऱ्या माणसांना किरायानं घरच कुणी देईना. त्यात हे असे." लातुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की एका जोडप्याची हकिकत ओळख पुसून लिहायचं ठरवलं.

काकू 66 वर्षांच्या. काका 72चे, निवृत्त शिक्षक. अर्धांगवायूनंतर डावी बाजू लुळी, घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. फिजिओथेरपीसाठी औसा तालुक्यातलं गाव सोडून शहरात यायचं होतं. तेरा घरं पाहून झाली होती. शिकवण्यांच्या भागात मालकांना पोरं परवडतात, खोलीत चार कॉट आणि दर कॉटचा वेगळा किराया. बाकी ठिकाणी तळमजल्यावर गाळे नाहीतर पार्किंग. वरचे मजले रिकामे असतात, पण नळ काही रोज येत नाही. घागरी वर कोण नेणार?

पहिल्या दोन भेटी काकूंच्या रडण्यात गेल्या. जाऊ दिल्या. तिसऱ्या वेळी म्हटलं, "मी मालकीणबाई. तुम्ही घर बघायला आलात. बोला."

"आम्ही दोघंच आहोत. किराया वेळेवर देऊ. आवाज नाही, पाहुणे नाहीत." मग खाली बघत, "यांना जरा त्रास आहे, पण तुम्हाला काही तसदी होणार नाही."

"तेव्हा काका कुठं असतात?"

"रिक्षात. यांना बघितलं की नाहीच म्हणतात."

तीन भेटींत काका एक शब्द बोलले नव्हते. त्यांना बोलायला वेळ लागतो आणि आम्ही दोघी घाईत. आता म्हणाले, "तेरा घरं. मी एकबी बघितलं नाही."

काकूंचा पदर तोंडाशी गेला. मीही गप्प राहिले. या कामात गप्प कधी बसावं हे मला उशिरा कळलं, पण कळलं. मग म्हटलं, "काकू, तुम्ही घर मागत नव्हता, माफी मागत होता."

मालकांची मनं कोती असतात, हे मी नाकारत नाही. पण 'नाही म्हणाले' एवढंच घडलेलं असतं. 'आम्ही कुणालाच नको' हे आपण त्याला जोडतो, आणि पुढच्या दारात तेच घेऊन उभे राहतो. तरुण सहकारी माझ्या या पालुपदाला हसतात. हसोत.

"मालकांना नेमकी भीती कशाची?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "उद्या काही झालं तर."

"सरळ म्हणा की, मेलो तर!" काका म्हणाले. तिघंही हसलो. मग गुरुजींनी कागद मागितला आणि काकूंना मजकूर सांगितला: पेन्शन खात्यावर जमा होते. भाचा याच शहरात, त्याचा नंबर हा, रात्री तोच येईल. दवाखाना हा. बाथरूममध्ये दांड्या आमच्या खर्चानं बसवू, जाताना भोकं बुजवून देऊ. उतार लोखंडी, उचलून नेता येणारा.

अशा कुटुंबांना मी टेप घेऊन जायला सांगते. खोल्या मोठ्या असल्या तरी बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा अरुंद निघतं. उताराचं गणित एकास बारा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार लागतो. तेवढी जागा गेटच्या आत आहे का, ते बघावं. आजार पहिल्याच वाक्यात सांगावा, आणि ज्याचा आहे त्यानं सांगावा. करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. दांड्या आणि उतार त्यातच लिहून घ्यावेत, तोंडी कबुलीवर राहू नये. शोधताना एजंटाइतकंच फिजिओथेरपिस्टला आणि मेडिकलवाल्यालाही सांगावं. कुणाचा तळमजला रिकामा होतोय, हे त्यांच्या कानावर आधी येतं. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन कागदावर असलेली बरी.

पुढच्या दोन घरांनी नकारच दिला. तिसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी कागद वाचला आणि काकूंना सोडून काकांकडं वळल्या, "गुरुजी, शाळा कोणती तुमची?"

घर मिळालं. स्वयंपाकघराच्या दारातून खुर्ची जात नाही, म्हणून काका उंबऱ्याशी बसून लसूण सोलतात. एका हातानं फार वेळ लावतात, ही काकूंची आत्ताची तक्रार.