वाचकांचे प्रश्न : स्ट्रॅथेवनचं धातूचं झाड

प्रश्न : मेलबर्नला मुलीकडे आलो असताना शहराबाहेरच्या स्ट्रॅथेवन गावात धातूचं एक उंच झाड पाहिलं. वणव्याचं स्मारक आहे, एवढंच कळलं. स्तंभ किंवा पुतळा न उभारता झाड का? (एक वाचक, मुक्काम मेलबर्न)

उत्तर : 7 फेब्रुवारी 2009, शनिवार. मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला होता, वारा पिसाटलेला होता आणि रान वर्षानुवर्षांच्या अवर्षणानं वाळून कोळ झालं होतं. त्या दिवशीच्या वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यातली 173 माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं जळाली. स्ट्रॅथेवन म्हणजे जेमतेम दोनशे वस्तीचं गाव. त्यातली 27 माणसं गेली. शाळाही जळाली. तो दिवस तिकडे ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणूनच ओळखला जातो.

मग व्हिक्टोरियातल्या लोहारांनी जगभरच्या लोहारांना हाक दिली : प्रत्येकानं एक पान घडवून पाठवा. 20 देशांतून साडेतीन हजारांवर पानं आली. कुणी त्यावर गेलेल्याचं नाव ठोकलं, कुणी अग्निशमन दलाचं. ती सगळी अंगावर घेऊन 9.8 मीटर उंचीचं, सुमारे 3 टनांचं झाड उभं राहायला पाच वर्षांच्या आसपास लागली.

हे झाड निलगिरीच्या जातकुळीतलं आहे, आणि इथे ते चपखल बसतं. यातल्या बऱ्याच जातींच्या सालीखाली सुप्त डोळे असतात. वरची पालवी जळून गेली की हे डोळे जागे होतात आणि काळ्या ठिक्कर खोडावरच थेट कोवळे धुमारे फुटतात, काही आठवड्यांतच. सगळ्याच जातींना हे जमत नाही. त्या भागातला उंच ‘माउंटन ॲश’ मोठ्या आगीत मरतो आणि राखेत पडलेल्या बियांतून नव्यानं उगवतो. घर गमावलेल्या माणसांनी हे दोन्ही प्रकार आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, कोळशाची भट्टी आणि ऐरणही आहे. तसं पान करून पाहायचंय. कसं करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जरूर करा. उघड्यावर टिकायला हवं असेल तर साधं लोखंड नको. 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा 12 मिलिमीटर जाडीचा गोल बार घ्या. टोक नारिंगी-पिवळं तापवून त्याला आखूड अणी काढा. अणीच्या मागे 40 मिलिमीटर माल राखून ऐरणीच्या कडेवर ठोकून बारला मान, म्हणजे बारीक खाच, पाडा. ऐरणीची ही कड गोलसर हवी. धारदार कडेवर पाडलेल्या मानेत बारीक चीर राहते आणि पान पुढे तिथेच तुटतं. बरीच पानं देठातच जातात. मानेमागचा भाग 6 मिलिमीटरपर्यंत ओढला की देठ झाला. मग राखलेला माल चपटा करा. एवढ्या मालात साधारण 12 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड पान निघतं. पिंपळपानासारखं पसरट करू नका. निलगिरीचं पान लांब, विळ्यासारखं वाकडं आणि खाली लोंबतं असतं. मधली शीर बोथट छिन्नीनं एका दमात, पान लाल असतानाच उठवा.

स्टेनलेस हट्टी असतं, साध्या लोखंडापेक्षा घाव जास्त लागतात. लाली गेली की हात थांबवा, नाहीतर कडा फाटतात. पान पातळ झालं की भट्टीत क्षणभरच धरा, कडा जळायला वेळ लागत नाही. काळपट खपली काढायला ब्रशही स्टेनलेसचाच घ्या. लोखंडी ब्रशचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात. त्यानंतर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून पान बुडवून ठेवा. खपली उतरवायला बाजारात मिळणाऱ्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ती हाडापर्यंत इजा करते, म्हणून प्रशिक्षण नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

तांब्याचं पान सोपं जातं. एक मिलिमीटरचा पत्रा कापा, मंद लाल तापवून पाण्यात टाका. पोलाद पाण्यानं कडक होतं, तसं तांब्याचं होत नाही. ठोकताना कडक लागायला लागलं की पुन्हा तापवा. ते बसवायचा रिव्हेट तांब्याचाच हवा. साधा लोखंडी मारला तर ओलाव्यात आधी रिव्हेट गंजतो आणि पान गळून पडतं.

प्रश्न : अशा पानावर नाव देवनागरीत घालता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येईल. अक्षरांचे तयार पंच (ठोकायचे ठसे) मुख्यतः रोमन लिपीत मिळतात, त्यांच्यामागे लागू नका. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालणारा कारागीर शोधा. तो बारीक छिन्नीनं टिंबाला टिंब जोडत अक्षर काढतो, वेलांट्या-मात्रा त्यात व्यवस्थित उतरतात. तांब्याचं पान वाकवण्याआधी, सपाट असताना हे काम करून घ्या. मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना आखणी करा, नाहीतर शेवटचं अक्षर टोकाशी कोंबलं जातं.

प्रश्न : आगीत आमची वाडी जळाली. वर्षश्राद्धापर्यंत स्मारक उभं करावं, असा आग्रह आहे. घाई होते आहे का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : होते आहे, असं आम्हाला वाटतं. त्या दिवशी दिवा लावा, जागा ठरवा, एखादं झाड लावा. बांधकाम मात्र थांबू द्या. ज्यांच्या डोक्यावर अजून पत्रे आहेत, त्यांच्यासमोर ग्रॅनाइट उभा राहिला की वाडीत दुफळी माजते. नावं घालायची तर घरोघर जाऊन विचारा. काहींना नाव नको असतं आणि त्यांचा नकार शेवटचा मानायला हवा. स्पेलिंग, ऱ्हस्व-दीर्घ, माहेरचं नाव की सासरचं, हे घरच्यांच्या हातानं कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या. भाजलेली माणसं महिन्यांनीही दगावतात, म्हणून नावांसाठी रिकामी जागा सोडा किंवा सुट्या पाट्या लावा. आणि वर्गणीतला एक हिस्सा देखभालीसाठी पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. कोकणातल्या पावसात दरवर्षी धुणं-घासणं लागणारच.