जपानचे पारंपरिक आणि आधुनिक गोड पदार्थ : दहा दिवसांत काय खावे आणि कुठून सुरुवात करावी?

आपण लिहिले आहे की एप्रिलमध्ये दहा दिवसांसाठी तोक्यो आणि क्योतोला जाणार आहात, घरी अंडेसुद्धा चालत नाही, आणि तिथले पारंपरिक व आधुनिक गोड पदार्थ, जमल्यास चटकमटक खाऊही, समजून घेऊन खायचा आहे. नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षे तोक्योत काढली आणि तिथल्या मिठाईच्या दुकानांत गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घालवला, त्या भरवशावर हे उत्तर लिहीत आहे.

पहिल्या घासाला आपल्याकडच्या माणसाची बहुधा निराशा होते. माझीही झाली होती. कारण आपली जीभ मिठाईत तूप, दूध आणि वेलदोडा शोधते आणि जपानच्या पारंपरिक मिठाईत, म्हणजे ‘वागाशी’त, या तिन्हींपैकी बहुधा काहीच नसते. तिथे असतात ते तांदूळ, कडधान्य, साखर आणि समुद्रशेवाळापासून काढलेले ‘कान्तेन’. ‘वागाशी’ हा शब्दही फार जुना नाही. मेइजी काळात (1868 ते 1912) पाश्चात्त्य मिठाई आल्यावर, तिच्यापासून आपली वेगळी ओळखता यावी म्हणून तो रूढ झाला. गोडीही बेताचीच असते, कारण ही मिठाई कडू माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेल्या) चहाच्या आधी खाण्यासाठी घडलेली आहे. म्हणून पहिली वागाशी चहाबरोबरच खावी, रस्त्यात उभ्याउभ्या खाऊ नये.

सुरुवात ‘अन्को’पासून करावी, कारण निम्म्याहून अधिक पदार्थांचा जीव त्यातच आहे. अझुकी नावाचे, लाल चवळीची आठवण करून देणारे बारीक दाणे शिजवतात, पहिले पाणी टाकून देतात आणि पुन्हा शिजवून साखर घालतात. दाणे अख्खे राहू दिले की ‘त्सुबुआन’ आणि साले काढून गुळगुळीत केले की ‘कोशिआन’. आपण पुरण गूळ घालून शिजवतो आणि मग यंत्रातून काढतो. तिथे क्रम उलटा आहे. शिजलेले दाणे आधी चाळणीवर घासतात, खाली पडलेला गर पाण्यात धुऊन फडक्यात पिळतात आणि साखर त्यानंतर पडते. त्यामुळे कोशिआन जिभेवर पुरणाहूनही मऊ लागतो. मला स्वतःला मात्र दाणा दाताखाली येणारा त्सुबुआन अधिक आवडतो.

दुसरा आधार म्हणजे ‘मोची’. चिकट जातीचा तांदूळ वाफवून कुटला की तो तयार होतो. त्यात अन्को भरले की झाला ‘दाइफुकु’. जपानी माणूस त्याची चव सांगण्याआधी तो दातांना कसा लागतो हे सांगतो, आणि तुम्हीही तिकडेच लक्ष द्यावे. एक चूक टाळा: ताजा दाइफुकु मी एकदा फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा दगड झाला होता. शिजलेल्या तांदळातील पिष्ट थंडीत घट्ट होते, म्हणून सकाळी केलेला मोची त्याच दिवशी संपवायचा असतो. चिकट तांदळाच्या पिठात भरपूर साखर घालून केलेले ‘ग्यूही’ मात्र मऊ राहते, कारण साखर पाणी धरून ठेवते. टिकाऊ दाइफुकुचे रहस्य बहुधा हेच.

तुम्ही एप्रिलमध्ये जात आहात हे उत्तम, कारण तो ‘साकुरामोची’चा काळ आहे. तोक्योत तो पातळ धिरड्यासारख्या गुंडाळीचा असतो, तर क्योतोत जाडसर भरडलेल्या चिकट तांदळाचा. दोन्हींत आत अन्को आणि बाहेर मिठात मुरवलेले चेरीचे पान. तोक्योच्या मुकोजिमा भागातील चोमेइजी देवळाजवळ तो 1717 पासून विकला जातो असे सांगतात. पान खावे की काढावे यावर तिथेही एकमत नाही. मी खातो, कारण खारट पानाशिवाय तो नुसता गोड लागतो. महिनाअखेरीस ‘काशिवामोची’ दिसू लागेल, त्यावरचे ओकचे पान मात्र काढायचे असते.

क्योतोत गिओन भागात 1617 पासून चालत आलेले कामेया कियोनागा नावाचे दुकान आहे, तिथे ‘सेइज्यो कांगिदान’ अवश्य मागा. ‘कांगितेन’ म्हणजे जपानी बौद्ध परंपरेतला गणपती आणि हा त्याचा नैवेद्य. गाठ मारलेल्या थैलीच्या आकाराची पारी, आत अन्कोमध्ये चंदन, कापूर, दालचिनी अशी सात सुगंधी द्रव्ये, आणि तळण तिळाच्या तेलात. तो बराच कडक असतो. थोडा गरम करून खाल्ला तर बरा. आत फोडल्यावर जो वास येतो तो मिठाईचा नव्हे, देवघराचा आहे, आणि मोदक खाऊन वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो.

गोव्याशी असलेला एक दुवाही सांगतो. फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये जपानमधल्या कागोशिमाला पोहोचला. त्याच्यामागून गेलेल्या पोर्तुगिजांबरोबर साखरेची मिठाई जपानात पोहोचली. 1569 मध्ये लुईश फ्रोइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य सरदाराला साखरेचे दाणे भेट दिल्याची नोंद आहे. तेच आजचे ‘कोन्पेइतो’. तिरप्या, फिरत्या, तापलेल्या कढईत बारीक कणांवर पळीपळीने पाक घालत राहतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्यावर टोके उठतात. हे पाहताना मला संक्रांतीचा काटेरी हलवा आठवला: मंद आच, तिळावर थेंबथेंब पाक, परातीत फिरणारी बोटे आणि घाई केली की काटा न येणे. दोघांचे नाते असल्याचा माझा दावा नाही. रीत मात्र तीच आहे. त्याच वाटेने आलेल्या नागासाकीच्या ‘कासुतेरा’ केकमध्ये भरपूर अंडी असतात, तेव्हा तो तुमच्यासाठी नाही. दोरेमॉनचा आवडता ‘दोरायाकी’, म्हणजे दोन जाडसर गोड धिरड्यांमध्ये भरलेला अन्को, हाही त्याच कारणाने वर्ज्य.

आधुनिक पदार्थांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला शोधावे लागणार नाहीत. 1874 मध्ये किमुराया या बेकरीने पावात अन्को भरून ‘आन्पान’ काढला, म्हणजे आधुनिकतेची सुरुवातही अन्कोनेच झाली. स्ट्रॉबेरी घातलेला ‘इचिगो दाइफुकु’ 1980 च्या दशकातला आहे आणि त्याचा शोध आपणच लावला असे सांगणारी दुकाने अनेक आहेत. तो नक्की खा. मुलांच्या खाऊत 1979 पासूनची ‘उमाइबो’ ही मक्याची कुरकुरीत कांडी दहा येनला मिळत असे, आणि 2022 मध्ये ती बारा येनची झाली तेव्हा ती देशभरात बातमी ठरली.

शाकाहाराची खरी अडचण याच आधुनिक भागात आहे. पुडिंग, मूस आणि गमीजमध्ये (चिवट, जेलीसारख्या गोळ्यांमध्ये) पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन असते, तर ‘सेन्बेइ’सारख्या तांदळाच्या खाऱ्या पापडांवरच्या सोया सॉसमध्ये पुष्कळदा माशाचा अर्क असतो, दिसायला निरुपद्रवी असलेली ‘काप्पा एबिसेन’ ही कुरकुरीत कांडी तर नावाप्रमाणेच (‘एबि’ म्हणजे कोळंबी) कोळंबीची आहे. वेष्टणावरचे ‘झेराचिन’ आणि ‘तामागो’, म्हणजे जिलेटिन आणि अंडे, हे दोन शब्द जपानी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा आणि दुकानात पडताळून पाहा.

घरी आणायचे असेल तर ओलसर ‘नामागाशी’ आणू नका, ती एक-दोन दिवसांची असते. अन्को, साखर आणि कान्तेन यांची घट्ट वडी म्हणजे ‘योकान’. बंद वेष्टणात ती कित्येक महिने टिकते आणि पातळ काप करून खायची असते. कोन्पेइतोही चांगले टिकते, फक्त डबा कोरडा ठेवावा.